यंत्राचा सल्ला आणि माणसाची सही

वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. विहारातील वंदना आटोपली होती, मुले संस्कारवर्गासाठी आत बसली होती आणि आम्ही चार-पाच जण बाहेर ओट्यावर टेकलो होतो. तेवढ्यात शेजारच्या गावचे एक गृहस्थ आले. मातंग समाजातील कुटुंब. येत्या अशोक विजयादशमीला बायको आणि दोन्ही मुलांसह धम्मदीक्षा घ्यायची, असे त्यांचे पक्के ठरलेले होते. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. "गुरुजी, दीक्षेचे जरा पुढे ढकलावे म्हणतो," असे म्हणून त्यांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला.

त्यांच्या मुलीने यंदा बारावीची परीक्षा दिली आहे. तिला पुढे नर्सिंगला जायचे आहे. आपण बौद्ध झालो तर पोरीची सवलत जाईल का, ही शंका त्यांना कोणी तरी घातली. वकिलाकडे जायचे तर फी पडणार. म्हणून मुलाने फोनमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला प्रश्न विचारला. यंत्राने शुद्ध मराठीत, मुद्देसूद उत्तर दिले होते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीने बौद्ध धर्म स्वीकारल्यास तिचा तो दर्जा राहत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात तसे स्पष्ट केले आहे, असे त्यात लिहिले होते. ते यंत्र कोणत्या कंपनीचे, हे सांगण्याचे कारण नाही. कोणत्याही कंपनीचे असते तरी मला जे सांगायचे आहे ते बदलले नसते.

वाचकहो, तो निकाल खोटा नाही. विदर्भातील राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे उमेदवार ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली खरोखरच म्हटले होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तशी धर्माची अट होती. १९५६ साली त्या अटीतून शिखांची सुटका झाली, बौद्धांची झाली नाही. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या आधीच्या पिढीला चौतीस वर्षे झगडावे लागले. अखेर १९९० साली संसदेने तो आदेश दुरुस्त केला आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द त्यात आला. म्हणजे यंत्राने जो निकाल दाखवला तो खरा होता. पण त्यानंतर माणसांनी मोर्चे काढून, निवेदने देऊन, तुरुंगात जाऊन जे बदलून घेतले ते नेमके त्या उत्तरात नव्हते.

मी त्यांना १९९० चे सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फोनकडे पाहिले. कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. एका बाजूला क्षणात उत्तर देणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारा मी. मला राग आला नाही, पण मी विचारात पडलो.

हे यंत्र काय करते, ते आधी थोडक्यात समजून घेतले पाहिजे. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी असा विद्यार्थी असतो, ज्याने धडा वाचलेला नसतो, पण इतरांची उत्तरे इतकी ऐकलेली असतात की तो उत्तरपत्रिकेत पानभर सफाईदार लिहितो. अक्षर सुरेख, वाक्ये बिनचूक. तपासताना गुण देऊन मोकळे व्हावेसे वाटते. हे यंत्रही अब्जावधी वाक्ये चाळून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द बहुधा येतो ते शिकलेले असते. त्यावरून ते उत्तर जुळवते. नव्या यंत्रांना कायद्याची पुस्तके उघडून पाहण्याची सोयही जोडलेली असते, आणि तेव्हा ती पुष्कळदा बरोबर उत्तर देतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर ती एकाच आवाजात देतात.

आता हे यंत्र न्यायालयाच्या दारात नुसते उभे नाही, आत गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरात 'सुवास' नावाची भाषांतराची यंत्रणा सुरू केली. निकालांचे मराठीसह अनेक भाषांत भाषांतर करण्यासाठी ती वापरली जाते. २०२१ साली न्यायाधीशांना कागदपत्रांतून माहिती काढून देणारी 'सुपेस' ही यंत्रणा आली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठापुढील युक्तिवाद यंत्राकडून शब्दशः उतरवून घेण्यास सुरुवात झाली, आणि तो खटला होता आपल्या महाराष्ट्रातील सत्तांतराचा. त्याच वर्षी केंद्र सरकारने ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातील ५३ कोटींहून अधिक रक्कम अशा नव्या तंत्रासाठी राखून ठेवली आहे. खाली जिल्हा-तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले तुंबलेले आहेत. अशा वेळी कामाचा उरक वाढवणारे साधन नको, असे कोण म्हणेल?

आणि आपल्या लोकांनी तर ते मुळीच म्हणू नये. आपल्या जिल्ह्याचे अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते, आणि घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे तेथील भाषा इंग्रजी. खालच्या न्यायालयात मराठीत हरलेला माणूस वरच्या न्यायालयात इंग्रजीत जिंकला, तरी का जिंकला ते त्याला कळत नाही. मी पदवीधर झालो तोपर्यंत आमच्या घरात इंग्रजी निकाल वाचू शकेल असे कोणी नव्हते. आज तोच निकाल मराठीत वाचायला मिळतो, ही लहान गोष्ट नाही. भाषांतरात गमतीही होतात. 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी दिली. यंत्राने त्याचे भाषांतर रजा मंजूर केली असे केल्याचे उदाहरण न्यायालयीन वर्तुळात प्रसिद्ध आहे. अशा चुका सुधारतील. मला चिंता आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धचा दावा चालला होता. प्रवाशाच्या वकिलांनी आपल्या बाजूने सहा निकालांचे दाखले दिले. विरुद्ध पक्षाने शोधले, न्यायाधीशांनी शोधले. ते निकाल कोठेच सापडेनात. यंत्राने ते रचले होते. हे निकाल खरे आहेत ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने होकार दिला होता. न्यायालयाने वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने ज्या तीन निकालांच्या आधारे कर आकारला होता ते निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेली माहिती पडताळून पाहिल्याशिवाय वापरू नये, असे न्यायालयाने बजावले.

या दोन्ही ठिकाणी जाब कोणाला द्यावा लागला, ते पाहा. वकिलाला आणि अधिकाऱ्याला. यंत्राला दंड करता येत नाही, कारण त्याच्या खिशाला तोशीस नाही. त्याची सनद काढून घेता येत नाही, कारण त्याला सनद नाही. त्याला लाजही वाटत नाही.

धम्मात आपण शिकतो की कर्माचे मूळ चेतनेत आहे. जेथे जाणून-बुजून केलेली निवड नाही, तेथे कुशल नाही आणि अकुशलही नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला, तो मला येथे फार उपयोगी वाटतो. नियम पूर्वीपासून चालत आलेला असतो आणि तो माणसाला अमुक कर असे सांगतो. तत्त्व मात्र न्याय कसा करावा याची दृष्टी देते आणि निवड माणसावर सोपवते. नियम पाळणारा माणूस आपल्या कृतीला जबाबदार राहत नाही; तत्त्वाने वागणाऱ्याला जबाबदारी घ्यावीच लागते. बाबासाहेबांनी ही टीका शास्त्रांच्या आज्ञांवर केली होती. वकील यंत्राचे उत्तर जसेच्या तसे न्यायालयात ठेवू लागला, तर तो पोथीतली आज्ञा वाचणाऱ्याहून निराळा काय राहिला? पोथी नवी, एवढेच.

येथे मला माझे आजोबा आठवतात. आमची थोडी वतनाची जमीन होती. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, जमिनी रयतवारीत परत मिळाल्या, पण त्या विकण्यावर बंधने राहिली, आणि त्यातून जे वाद उभे राहिले ते अजून कित्येक घरांत चालू आहेत. आजोबा तालुक्याला जात. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला अर्ज लिहिणारा त्यांचे दोन मिनिटे ऐके आणि दोन पाने लिही. आजोबा विचारत, "काय लिहिलं, साहेब?" तो म्हणे, "जे लागतं ते लिहिलंय, अंगठा करा." आजोबा अंगठा करीत. अशा एका अर्जात जमिनीवरचा आमचा ताबा नाही असेच लिहिले गेले होते, हे वडिलांना वीस वर्षांनी कळले. त्या लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, कोण जाणे. कदाचित काहीच नसेल. ठरलेला मजकूर असेल, तो त्याने उतरवला असेल. आज फोनवरून नोटीस तयार करून घेऊन, न वाचता खाली सही करणारे शिकलेले लोक पाहिले की मला आजोबांचा शाईने माखलेला अंगठा दिसतो. आजोबांना वाचता येत नव्हते. यांना येते.

परंतु चूक उघडकीस आली की ती सुधारता येते. खोटा निकाल शोधला की सापडत नाही, आणि तेथेच तो पकडला जातो. मला अधिक भीती वाटते ती खऱ्या जुन्या कागदांची.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलांना पाठ असतो. त्या तळ्याचा दावा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी तेथील न्यायालयात बाबासाहेब व इतरांविरुद्ध दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे जमली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि लढा न्यायालयात नेला. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्याला वरचे अपील फेटाळले गेले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी तोच निर्णय कायम केला. सव्वानऊ वर्षे लागली.

वादींचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी कधीच घेतलेले नाही. ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. आणि वहिवाट हाच कायदा आहे. आता विचार करा. त्या काळी आजच्यासारखे यंत्र असते आणि त्याला तोपर्यंतचे सर्व कागद वाचायला दिले असते, तर त्याने काय सांगितले असते? गावोगावचे दप्तर, पोथ्या, स्मृती, पंचांचे निवाडे, गॅझेटियर, या सगळ्यांत एकच गोष्ट हजार वेळा लिहिलेली: महारांनी पाणी वेगळे घ्यावे. ज्या शब्दामागे जो शब्द नेहमी येतो तोच पुढे ठेवणारे यंत्र दुसरे काय सांगणार? तळे नगरपालिकेचे आहे, १९२३ साली विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला आहे, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले आहे, हे दोन-तीन नवे कागद त्या ढिगात कोपऱ्यात पडले असते. बाबासाहेबांनी नेमके ते कोपऱ्यातले कागद वर काढले. आणि ही वहिवाट अनादी आहे हे सिद्ध करून दाखवा, असा प्रश्न प्रतिपक्षाला टाकला. ते त्यांना सिद्ध करता आले नाही, असे उच्च न्यायालयाने मानले.

पुष्कळ काळ चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, हा तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश आपण दीक्षेनंतर पहिल्याप्रथम ऐकतो. यंत्राची सगळी विद्या नेमकी पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलेल्या गोष्टींवर उभी आहे. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही, त्याची घडणच तशी आहे. पण ज्यांच्या विरुद्ध पुष्कळांनी पुष्कळदा लिहिले, त्या आपण तरी हे विसरून चालणार नाही.

ही भीती मी कल्पनेतून काढलेली नाही. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील की नाही याचा अंदाज यंत्र देते आणि काही न्यायाधीश तो विचारात घेतात. २०१६ साली पत्रकारांनी फ्लोरिडातील एका परगण्याची आकडेवारी तपासली, तेव्हा पुढे गुन्हा न केलेल्या काळ्या लोकांना धोकादायक ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. यंत्राला रंग विचारलेला नव्हता. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका आरोपीने तक्रार केली की हा अंदाज कसा काढला ते मला कळलेच नाही, कारण ते गणित कंपनीचे व्यापारी गुपित आहे. न्यायालयाने सावधगिरीच्या सूचना दिल्या, पण वापर चालू ठेवू दिला.

आता हाच विचार आपल्या जिल्ह्यात आणू. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयात आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. साक्षीदार फितूर झाले होते. यंत्राच्या वहीत या प्रकरणाची नोंद काय होईल? अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला, निकाल: निर्दोष. एक आकडा. साक्षीदाराला त्याच गावात राहायचे असते, त्याच विहिरीचे पाणी भरायचे असते आणि त्याच मालकाच्या ऊसात कोयता चालवायचा असतो, हे त्या रकान्यात येत नाही. असे हजारो आकडे जमले की यंत्र नव्या तक्रारीकडे पाहून सांगेल, ही तक्रार टिकण्याचा संभव कमी. मग वकील म्हणेल, तडजोड करा.

माणसांनीही हीच चूक केली आहे, हे सांगितले नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अटकेवर बंधने घातली, आणि त्या निकालात खोट्या तक्रारींच्या सरकारी आकड्यांचाही आधार घेतला होता. देशभर लोक रस्त्यावर आले. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात ते निर्देश मागे घेतले. खटला पडला तर त्यामागे सदोष तपासही असू शकतो, तक्रारदाराची जात हे खोटेपणाचे कारण मानता येणार नाही, अशा आशयाचे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. दीड वर्षात चूक सुधारली गेली. निकालाखाली नावे होती, कारणे लिहिलेली होती, म्हणून फेरविचार मागता आला. कंपनीच्या गुपित गणितापुढे फेरविचार अर्ज कोणत्या शब्दांत लिहायचा?

आमच्या शाळेतील एक तरुण सहकारी यावर म्हणाला, "गुरुजी, माणूस आडनाव पाहतो. यंत्र पाहत नाही. मग यंत्रच बरे नाही का?" प्रश्न सोपा नाही आणि मी तो झटकून टाकत नाही. ज्याने कचेरीत आडनाव सांगताच समोरच्याचा आवाज बदललेला ऐकला आहे, त्याला जात न विचारणाऱ्या यंत्राचे आकर्षण वाटणारच. मला स्वतःला वाटते. बँकेत आणि रेल्वेच्या तिकिटात यंत्राने आपल्याला मोकळे केले, हे खरे आहे. पण तिकिटाला आसन रिकामे आहे की नाही एवढेच पाहायचे असते. न्यायाला आधी काय घडले ते पाहायचे असते. यंत्र आडनाव पाहणार नाही, पण गावाचे नाव, वस्तीचे नाव, जमिनीचा प्रकार, तक्रारीचे कलम पाहील, आणि आपल्या जिल्ह्यात वस्तीचे नाव सांगितले की आडनाव सांगावे लागत नाही. त्या सहकाऱ्याला हे पटले असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "मग माणसाकडे जाऊन तरी काय मिळतं?" खर्ड्याचे उदाहरण मीच दिले होते, त्यामुळे मला गप्प बसावे लागले.

आपले भूतपूर्व सरन्यायाधीश भूषण गवई यांनी, ते त्या पदावर येण्यापूर्वी, मार्च २०२५ मध्ये केनियात बोलताना असाच प्रश्न उपस्थित केला होता: ज्याला माणसाच्या भावना आणि नैतिक विचार नाही, त्या यंत्राला खटल्यातील गुंतागुंत खरोखर उमगेल काय? त्याच वर्षी जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने आपल्या अखत्यारीतील जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर केले की निष्कर्ष, आदेश किंवा निकाल ठरवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची नाही. मला हे धोरण योग्य वाटते.

न्यायाधीशांचे झाले. वकिलांचे काय? माझे काही माजी विद्यार्थी कायदा शिकत आहेत, त्यांच्या घरातील ती पहिली पिढी. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्यामागे वडिलोपार्जित कचेरी नव्हती आणि काम देणारे ओळखीचे सॉलिसिटर नव्हते. या मुलांचीही स्थिती तीच. वकिलाच्या मुलाला घरात पुस्तकांचे कपाट आणि कानावर पडलेले युक्तिवाद मिळतात. आपल्या मुलाला ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली राहून शिकावे लागते: निकाल शोधणे, तारखांची यादी करणे, दाव्याचा पहिला मसुदा लिहिणे, सातबारा-फेरफाराचे खंडपीठासाठी इंग्रजी भाषांतर करणे. त्यातूनच चार पैसेही सुटतात. आज नेमके हेच काम यंत्र काही मिनिटांत करते. एका बाजूने पाहिले तर कपाट नसलेल्या मुलाच्या हातात यंत्राने अख्खे ग्रंथालय दिले. दुसऱ्या बाजूने, ज्या पायरीवर बसून तो शिकला असता ती पायरीच काढून घेतली. "कामाला लावा, साहेब," असे म्हणत गेलेल्या मुलाला ज्येष्ठ वकील आता म्हणू शकतो, "काम कुठं आहे?" कचेरीबाहेरच्या टंकलेखकांचे तर मी बोलतच नाही.

या मुलांना मी एवढेच सांगतो की यंत्र वापरा, पण त्याने दिलेला प्रत्येक निकाल मुळातून उघडून वाचा, आणि त्यानंतर तो बदलला का ते पाहा. रात्र जागावी लागली तरी पाहा. बाबासाहेबांच्या वाचनाच्या कथा आपण जयंतीला सांगतो. वाचनाचा कंटाळा आला म्हणून यंत्र वापरणाऱ्याने त्या सांगू नयेत. हे जरा कडक झाले. असो.

ओट्यावरच्या त्या गृहस्थांना मी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे घेऊन गेलो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला वकिलाची मदत विनामूल्य मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. हे आपल्या वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? त्या गृहस्थांना नव्हते, आणि खरे सांगायचे तर चार वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नव्हते.

समितीने नेमलेल्या वकीलबाई तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी आधी फोनमधील उत्तर शांतपणे वाचले, हसल्या, आणि आपल्या संगणकावर त्याच तऱ्हेच्या दुसऱ्या यंत्राला प्रश्न घातला. त्याने १९९० ची दुरुस्ती बरोबर सांगितली. तरीही बाईंनी मूळ कायदा उघडला, ओळीवर बोट ठेवून त्या गृहस्थांना वाचून दाखवला, आणि कोणते कागद लागतील ते एका कागदावर लिहिले: वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा, नसल्यास कोतवाल बुकातील नोंद. खाली आपले नाव लिहिले, सनदेचा क्रमांक लिहिला आणि सही केली. "काही अडलं तर हा कागद घेऊन माझ्याकडंच यायचं, काका," त्या म्हणाल्या. "मी लिहिलंय म्हणजे मी उत्तर देईन."

गृहस्थांनी तो कागद घडी करून फोनच्या पाकिटात ठेवला.

अशोक विजयादशमीला चौघांनी दीक्षा घेतली. प्रमाणपत्राचे काम अजून चालू आहे. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागली. त्यात गावाचे नाव बरोबर आहे, पण आजोबांच्या नावात एक अक्षर वेगळे निघाले. त्यासाठी ते परवा पुन्हा वकीलबाईंकडे जाऊन आले.